मेंदूची वेस आणि कानाचा पहारा

शिराळ्याच्या माणसाला नागाविषयी सांगणे म्हणजे कोल्हापूरकराला गुळाची चव समजावून देण्यासारखे आहे. त्या भरीस आम्ही पडत नाही. परंतु नागाच्या विषाची एक गोष्ट अशी आहे की, ती पुष्कळ जाणत्या माणसांच्याही ध्यानात आलेली नसते. आणि आजच्या आमच्या विषयाचे दार नेमके तिथेच आहे.

नाग चावला म्हणजे माणसाच्या पापण्या जड होतात, जीभ अडखळते, घोट गिळवत नाही, मान ठरत नाही, आणि उपाय झाला नाही तर शेवटी श्वासाचे स्नायू थकतात. जमलेली मंडळी म्हणतात, विष डोक्यात चढले. वस्तुतः विष डोक्यात चढलेले नसते. मेंदूकडून आलेला मज्जातंतू ज्या ठिकाणी स्नायूला भेटतो, त्या सांध्यावर नागाच्या विषातला मारक भाग जाऊन बसतो आणि वरून आलेला हुकूम खाली पोचू देत नाही. हुकूम देणारा जागा असतो, तार मात्र तुटलेली असते. म्हणून डोळे मिटलेल्या, हातपाय न हलवणाऱ्या अशा रोग्याला भोवतालचे बोलणे पुष्कळदा ऐकू येत असते. त्याच्या उशाशी बसून पुढची तयारी बोलणाऱ्यांनी एवढे लक्षात ठेवावे, आणि बोलत बसण्यापेक्षा त्याला गाडीत घालून दवाखाना गाठावा. प्रतिविष आणि कृत्रिम श्वास वेळेवर मिळाला तर तोच मनुष्य उठून बसतो.

आता प्रश्न असा की, जे विष रक्तातून सबंध अंगभर हिंडते, ते मेंदूच्या वेशीशी का थांबते? रक्त तर मेंदूलाही जाते. किंबहुना देहाच्या वजनाचा पन्नासावा हिस्सा असलेला हा अवयव हृदयातून निघालेल्या रक्ताचा सुमारे सातवा हिस्सा आपल्याकडे ओढून घेतो. रक्त जाते आणि रक्तातले विष जात नाही, हा काय प्रकार आहे? या प्रश्नाचे उत्तर शोधायला विज्ञानाला सुमारे ऐंशी वर्षे लागली, आणि उत्तर मिळाल्यावर दुसराच पेच उभा राहिला. वेस जशी विषाला अडवते तशी ती औषधालाही अडवते. तेव्हा ती वेस, गावाला धक्का न लावता, घटकाभर उघडावी कशी? हा त्या पेचाचा इतिहास आहे. आम्ही डॉक्टर नाही. कामगारांत हिंडून आणि वाचनालयांत बसून जे शिकलो त्याच्या आधाराने बोलतो. म्हणून कारखान्यातील दाखले जरा अधिक आले तर श्रोत्यांनी चालवून घ्यावे.

१८८५ साली जर्मनीत पॉल एर्लिख नावाचा तरुण वैद्य जनावरांच्या रक्तात रंग सोडून पाहत होता. त्या काळी जर्मनीत कापड रंगवण्याच्या नव्या रसायनांचा सुकाळ झाला होता, आणि कापडाला चढणारा रंग देहातल्या कोणत्या भागाला चढतो हे पाहण्याचा त्याला नाद होता. रंग टोचल्यावर यकृत रंगले, मूत्रपिंड रंगले, स्नायू रंगले. मेंदू आणि मज्जारज्जू मात्र पांढरेच राहिले. एर्लिखला वाटले, मेंदूला या रंगाची आवडच नसेल. पुढे १९१३ साली त्याच्याच हाताखाली तयार झालेल्या एडविन गोल्डमन याने उलटा प्रयोग केला. त्याने निळा रंग रक्तात न सोडता मेंदूभोवतीच्या पाण्यात सोडला. तेव्हा मेंदू निळाशार झाला आणि बाकीचे अंग कोरे राहिले. म्हणजे आवडीनिवडीचा प्रश्न नव्हता. मध्ये काहीतरी आडवे होते.

या आडव्या गोष्टीला नाव दिले एका बाईने, आणि त्या बाईंची हकीकत आम्ही थोडी विस्ताराने सांगणार आहोत, कारण आपल्याकडे त्यांचे नाव फारसे कोणी घेत नाही. लिना स्टर्न यांचा जन्म १८७८ चा, झारशाहीच्या राज्यातला, ज्यू कुटुंबातला. शिक्षणासाठी त्या स्वित्झर्लंडला गेल्या आणि १९१८ साली जिनिव्हा विद्यापीठातल्या पहिल्या स्त्री प्राध्यापक झाल्या. १९२१ मध्ये त्यांनी रक्त आणि मेंदू यांमधील या तटबंदीला नाव दिले, आणि ती केवळ भिंत नसून पहारा आहे, काय आत घ्यावे व काय बाहेर ठेवावे याची निवड तिथे होते, असे मांडले. १९२५ साली नव्या समाजाच्या ओढीने त्या मॉस्कोला गेल्या. १९३९ मध्ये सोव्हिएत विज्ञान अकादमीच्या पहिल्या स्त्री सदस्य झाल्या; १९४३ मध्ये स्टालिनच्या नावाचे पारितोषिक मिळाले. आणि १९४९ च्या जानेवारीत त्याच स्टालिनच्या पोलिसांनी सत्तरी गाठलेल्या या बाईंना उचलून तुरुंगात टाकले. ज्यू फॅसिस्टविरोधी समितीवरच्या त्या खटल्यात १९५२ च्या ऑगस्टमध्ये तेरा जणांना गोळ्या घातल्या गेल्या. आरोपींपैकी लिना स्टर्न एकट्या वाचल्या. त्यांना मध्य आशियात हद्दपार केले. स्टालिन वारल्यावर १९५३ मध्ये त्या परतल्या, पुन्हा प्रयोगशाळेत बसल्या आणि १९६८ पर्यंत जगल्या. आमच्यासारख्या लाल झेंड्याखाली वाढलेल्या माणसाने ही हकीकत सांगताना आवाज खाली आणू नये असे आम्हाला वाटते.

स्टर्नबाईंनी निव्वळ नाव दिले नाही. वेस आहे म्हटल्यावर वेशीला वळसा घालावा हे त्यांना सुचले. मेंदूच्या आवरणाच्या क्षयात शिरेतून दिलेले औषध आत पुरेसे पोचत नाही, म्हणून डोक्याच्या मागच्या बाजूने सुई घालून ते थेट मेंदूभोवतीच्या पाण्यात सोडावे, असा त्यांचा आग्रह होता. स्ट्रेप्टोमायसिनच्या पहिल्या वर्षांत अशा सुया देऊन अनेक देशांत मुले वाचवली गेली. पण कवटीच्या बुडाशी वरचेवर सुई घालणे हा काही रोजचा उपाय नव्हे.

ती वेस प्रत्यक्ष डोळ्यांनी दिसायला १९६७ साल उजाडले. अमेरिकेत हार्वर्डला रीज आणि कार्नोव्हस्की या दोघांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दाखवून दिले की, मेंदूतल्या केसाहून बारीक रक्तवाहिन्यांच्या आतल्या पेशी एकमेकींना घट्ट शिवलेल्या असतात. इतर अंगात या पेशींमध्ये फटी असतात, त्यांतून माल पाझरतो. मेंदूत फट नाही. जायचे तर पेशीच्या अंगातून, आणि तिथे गेटपास लागतो. युनियनचे काम करणाऱ्याला गेटवर अडणे म्हणजे काय हे वेगळे सांगायला नको! साखरेला पास आहे, कारण मेंदू साखरेवर जगतो. दारूला पास लागत नाही, ती स्निग्ध भागातून तशीच विरघळून आत जाते. शनिवारी पगार झाल्यावर तिचा अनुभव आम्ही वस्तीवस्तीत पाहिला आहे. प्रथिनांच्या घटकांना पास आहे, आणि कंपवाताचा उपचार याच पासावर उभा आहे. कंपवातात मेंदूत डोपामिन नावाचे द्रव्य कमी पडते. ते बाहेरून दिले तर वेशीवर अडते. परंतु त्याचे मूळ रूप, एल-डोपा, प्रथिनाच्या घटकाच्या वेषात आत जाते आणि आत गेल्यावर डोपामिन होते. हे एल-डोपा आपल्या डोंगरातल्या खाजकुयलीच्या बियांत भरलेले असते. १९३७ साली दामोदरन आणि रामस्वामी या दोघा भारतीय संशोधकांनी ते त्या बियांतून वेगळे करून दाखवले. गुरे राखताना ज्या शेंगेची कुसे अंगाला लागून आपण खाजवून बेजार होतो, तिच्या पोटात मेंदूच्या वेशीचा पास असावा, हे नवल आहे.

असे पासधारक थोडे. छोट्या रेणूंच्या दर शंभर औषधांतली अठ्ठ्याण्णव बाहेर राहतात असे या विषयातले लोक सांगतात, आणि मोठ्या रेणूंची तर जवळजवळ सगळीच. मेंदूत गाठ झालेल्या माणसाला कर्करोगाचे औषध दिले म्हणजे त्याचे केस जातात, आतडी सोलवटतात, आणि जिथे औषध हवे तिथे ते बेताचेच पोचते. सारे अंग मार खाते आणि चोर घरात सुरक्षित, असा हा न्याय होतो.

आता ध्वनीकडे येऊ. ही दुसरी वाट वेगळ्या गावाहून निघालेली आहे. दोन्ही वाटा पुढे मिळतात.

आपल्या आया-आज्ज्या बाजारात मडके घेताना बोटाने ठोकून घेत. खणखणीत वाजले तर पक्के, बद्द वाजले तर तडा. रेल्वेचे खलाशी डब्यांच्या चाकांवर हातोडी मारत जात, तेही याचसाठी. ठोकावे आणि ऐकावे, ही विद्या मजुराची आहे. शास्त्रज्ञांनी ती मागून उचलली. ऑस्ट्रियातला आउएनब्रुगर हा वैद्य खाणावळवाल्याचा मुलगा. दारूचे पिंप कुठवर भरले आहे हे ठोकून ओळखता येते हे त्याला घरीच ठाऊक होते. १७६१ साली त्याने रोग्याची छाती बोटांनी ठोकून आतले पाणी ओळखण्याची रीत पुस्तकात मांडली. आजही डॉक्टर पाठ ठोकून पाहतो ती त्या पिंपाची कृपा.

बोटाच्या ठोक्याला मर्यादा आहे. बारीक तडा पकडायचा तर ध्वनीची लाट बारीक हवी, म्हणजे कंपने फार हवीत. माणसाचा कान सेकंदाला वीस हजार कंपनांच्या पुढे बहिरा होतो. त्याच्यापुढचा जो ध्वनी तो श्राव्यातीत. दर सेकंदाला दहा लाख कंपने असली तर पाण्यातली लाट दीड मिलिमीटरची होते. असा ध्वनी काढावा कशाने? १८८० साली फ्रान्समधल्या क्युरी बंधूंना, पिएर आणि झाक यांना, असे आढळले की काही स्फटिक दाबले की त्यांत वीज उपजते. आणि लवकरच हेही सिद्ध झाले की वीज दिली की ते थरथरतात. म्हणजे तोच स्फटिक तोंडही आहे आणि कानही. १९१२ मध्ये टायटॅनिक बुडाली, मग महायुद्धात पाणबुड्यांनी कहर केला, तेव्हा पिएर क्युरीचा शिष्य पॉल लांजव्हँ याने १९१७ च्या सुमारास स्फटिकाच्या थरथरीतून पाण्यात ध्वनी सोडून त्याचा प्रतिध्वनी पकडण्याची जोडणी केली. त्या वेळी त्याच्या एक गोष्ट ध्यानात आली. ध्वनीच्या झोतात सापडलेले लहान मासे मरत, आणि पाण्यात हात घातला तर हाडापर्यंत कळ जाई. पाहण्यासाठी काढलेला ध्वनी मारूही शकतो, हे त्याच दिवसांत समजले होते. (याच लांजव्हँला पुढे १९४० मध्ये नाझींनी पॅरिसमध्ये अटक केली. स्टर्नबाईंचा तुरुंग आणि याचा तुरुंग, दोन्ही ध्यानात ठेवण्याजोगे.)

युद्धानंतर हा ध्वनी कारखान्यात शिरला. पोलादात आत कुठे चीर असेल तर ध्वनी तिथून उलट फिरतो आणि किती वेळात फिरला यावरून चीर किती खोल ते कळते. आपल्या साखर कारखान्यांत हंगाम संपला की बॉयलर थंड करतात आणि नळ्यांची जाडी आजही याच रीतीने तपासतात. नळीवर ग्रीसचा बोट फिरवायचा, त्यावर यंत्राचे टोक टेकवायचे आणि आकडा वाचायचा. ग्रीस का? तर मध्ये हवा राहिली की ध्वनी तिथेच परततो. दवाखान्यात बाईच्या पोटाला थंडगार जेली लावतात ती याच कारणासाठी. बॉयलरवरचा कामगार आणि सोनोग्राफीच्या टेबलावरची त्याची बायको, दोघांना हे कोणी एकत्र सांगत नाही, एवढेच.

आणि हे साम्य नुसते दिसायचे नाही. ग्लासगोचे प्रसूतिशास्त्राचे प्राध्यापक इयान डोनाल्ड हे युद्धात विमानदलात होते, रडार त्यांना ठाऊक होते. १९५५ च्या जुलैत ते रेनफ्रू इथल्या बॅबकॉक अँड विलकॉक्स या बॉयलर बनवणाऱ्या कारखान्यात गेले. बरोबर दोन मोटारी, आणि मोटारींत काय? तर शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठी आणि पाण्याच्या पिशव्या! कारखान्याने तुलनेसाठी मांसाचा एक मोठा तुकडा आणून ठेवला होता. बॉयलरच्या पत्र्यातली चीर शोधणारे यंत्र त्यांनी त्या गाठींवर टेकवले, आणि भरीव गाठ व पाण्याची गाठ यांचे प्रतिध्वनी निराळे येतात हे स्वच्छ दिसले. पुढे टॉम ब्राउन नावाचा तरुण इंजिनियर त्यांना मिळाला, आणि १९५८ मध्ये डोनाल्ड, मॅकव्हिकर आणि ब्राउन यांचा लेख लॅन्सेटमध्ये आला. त्यात एका बाईची हकीकत आहे. तिच्या पोटात कर्करोग पसरला आहे, उपाय नाही, असे ठरून गेले होते. ध्वनीने दाखवले की ती बीजकोशाची पाण्याने भरलेली प्रचंड गाठ आहे. गाठ काढली, बाई वाचली. सोनोग्राफीचा जन्म बॉयलरच्या शॉपमध्ये झाला, असे आम्ही कामगारांना सांगतो तेव्हा त्यांना खोटे वाटते.

इकडे दुसरी मंडळी लांजव्हँच्या मेलेल्या माशांचा विचार करीत होती. भिंगाने ऊन एका टिंबावर आणले की कापूस पेटतो, मधले काच-वारा थंड राहतात. तसा ध्वनी एका टिंबावर आणला तर मधल्या भागाला इजा न होता खोलवरची जागा जाळता येईल. १९५० नंतर अमेरिकेत इलिनॉयमध्ये विल्यम आणि फ्रान्सिस फ्राय या भावांनी ते केलेही. अडचण कवटीची. हाड ध्वनी शोषते, तापते आणि लाटेची दिशा बिघडवते, म्हणून त्यांना कवटीचा तुकडा कापून खिडकी करावी लागे. त्याच काळात, १९५६ साली, बोस्टनमध्ये बाके आणि त्याच्या सहकाऱ्यांना एक गोष्ट दिसली. ध्वनीने भाजलेल्या जागेच्या भोवती मेंदूची वेस उघडी पडली होती आणि रक्तातला रंग आत शिरला होता. दोन वाटा प्रथम मिळाल्या त्या इथे. पण वेस उघडायला घर जाळावे लागत असेल तर तो उघडणे कसले? पुढची पस्तीस-चाळीस वर्षे गाडी इथे अडून राहिली.

किल्ली दुसऱ्याच कामातून आली. १९६८ साली अमेरिकेत रेमंड ग्रामियाक आणि आपले भारतीय हृदयरोगतज्ज्ञ प्रवीण शहा हृदयाचे ध्वनिचित्र घेत होते. शिरेतून द्रव टोचला की पडद्यावर ढग उमटतो असे त्यांना दिसले. त्या द्रवाबरोबर गेलेले सूक्ष्म बुडबुडे ध्वनी परतवीत होते. पुढे मुद्दाम बनवलेले बुडबुडे आले. चरबीच्या किंवा प्रथिनाच्या पातळ सालीत भरलेला वायू, आकार रक्तपेशीहून लहान. हृदय स्पष्ट दिसावे म्हणून ते शिरेतून देतात आणि थोड्याच वेळात ते विरून जातात.

बुडबुडा ध्वनीत सापडला की लाटेबरोबर फुगतो आणि आकसतो, सेकंदाला लाखो वेळा. केसाहून बारीक रक्तवाहिनीत असा बुडबुडा श्वास घेऊ लागला की वाहिनीची भिंत आतून ढकलली जाते, ओढली जाते, आणि पेशींची शिवण सैल पडते. २००१ साली बोस्टनमध्ये कुलेर्व्हो हायनिनेन यांच्या मंडळींनी सशांवर हे दाखवले. आधी शिरेतून बुडबुडे, मग नेमक्या जागी मंद ध्वनी. जाळण्याला जेवढी शक्ती लागे तिच्या कितीतरी कमी शक्तीत वेस उघडली, आणि काही तासांत आपली आपण मिटली. घर जळले नाही.

परंतु इथेच खरा धोका आहे, आणि आमच्या विषयाचे मर्मही इथेच आहे. ध्वनी कमी पडला तर काही होत नाही. बेताचा असला तर बुडबुडा झुलतो. जास्त झाला तर बुडबुडा धाडकन मिटतो, त्या दणक्याने वाहिनी फाटते आणि मेंदूत रक्त सांडते. या दोन्हींमधली पट्टी अरुंद आहे. आणि प्रत्येकाची कवटी निराळ्या जाडीची, म्हणून बाहेर किती जोर लावला यावरून आत किती पोचला हे ठरत नाही. मग कळावे कसे? पुन्हा मडक्याकडे यावे लागते. ऐकून! झुलणारा बुडबुडा सुरात वाजतो. सोडलेल्या ध्वनीच्या निम्म्या पट्टीत, दुप्पट पट्टीत त्याचे उत्तर येते. फुटणारा बुडबुडा बेसूर खरखरतो, सगळ्या पट्ट्यांत एकदम. बॉयलर अटेंडंटला पंपाच्या आवाजावरून कळते की पंप पाणी ओढतो आहे की हवा, तसेच हे. २०१२ मध्ये ओरायली आणि हायनिनेन यांनी टोरांटोत अशी व्यवस्था प्राण्यांवर सिद्ध केली की, यंत्र पायरीपायरीने जोर वाढवते, बुडबुड्यांचे ठरावीक उत्तर कानी आले की आपणहून मागे येते.

आवाज आला हे कळणे एक आणि कुठून आला हे कळणे दुसरे. रात्री रानात कोल्हा ओरडला तर दोन कानांनी दिशा लागते. सोनोग्राफीच्या टोकाला दोन नव्हे, पन्नास-शंभर कान ओळीने बसवलेले असतात. एरवी ते टोक स्वतः ध्वनी सोडते आणि परतलेला ऐकते. इथे त्याला गप्प बसवायचे आणि नुसते ऐकायला लावायचे. प्रत्येक कानाला बुडबुड्याचा आवाज किंचित मागेपुढे पोचतो, त्या फरकावरून गणिताने जागा काढायची आणि पडद्यावर रंगीत ठिपका उमटवायचा. वेस कुठे उघडते आहे, शेजारी तर उघडत नाही ना, आणि सुरात उघडते आहे की खरखर सुरू झाली, हे काम चालू असतानाच दिसते. पाहणारा ध्वनी आता उघडणाऱ्या ध्वनीवर पहारा करतो.

माणसांवरचे काम २०१४ साली पॅरिसमध्ये सुरू झाले. अलेक्झांद्र कार्पांतिये यांनी मेंदूत गाठ पुन्हा उद्भवलेल्या रोग्यांच्या कवटीतच ध्वनीची छोटी चकती बसवली, आणि दर खेपेस त्वचेतून सुई जोडून, बुडबुडे सोडून, वेस उघडल्यावर औषध दिले. पंधरा रोग्यांची हकीकत २०१६ मध्ये प्रसिद्ध झाली. टोरांटोत २०१५ च्या नोव्हेंबरात कवटीला हात न लावता हेच केले गेले. तिथे रोग्याचे मुंडण करून डोक्यावर १०२४ ध्वनिस्रोतांचे शिरस्त्राण बसवतात. कवटीची जाडी आधी सी.टी. स्कॅनने मोजून प्रत्येक स्रोताची वेळ अशी लावतात की सगळ्या लाटा एकाच टिंबावर पोचाव्यात. हे सारे एम.आर.आय. यंत्राच्या पोटात. २०२४ च्या जानेवारीत अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनियातून तीन विस्मृतीच्या रोग्यांची हकीकत आली. त्यांच्या मेंदूत साचलेला मळ, औषधाबरोबर वेस उघडलेल्या भागात, न उघडलेल्या भागापेक्षा अधिक घटला. गंमत पाहा, त्याच महिन्याच्या अखेरीस ते औषध बनवणाऱ्या कंपनीने ते बाजारातून काढण्याचे जाहीर केले. वेस उघडायची रीत मात्र त्या औषधाबरोबर गेली नाही. कारण किल्ली एका औषधाची नसते.

तीन रोगी, पंधरा रोगी. आकडे लहान आहेत. हा उपचार आजही प्रयोगाच्या अवस्थेत आहे आणि तो नेहमीचा झाला असे कोणी सांगितले तर त्याच्यापासून सावध राहावे. वेस मिटते, म्हणून औषधाच्या दर खेपेला पुन्हा उघडावी लागते. एम.आर.आय. यंत्र प्रत्येक वेळी दोन-तीन तास अडवून ठेवायचे, तर चांदोलीच्या बाजूच्या वाडीतला शेतमजूर त्या रांगेत कधी उभा राहणार? म्हणून न्यूयॉर्कमध्ये कोलंबिया विद्यापीठात एलिसा कोनोफागू यांच्या मंडळींनी जे चालवले आहे त्याकडे आमचे लक्ष अधिक आहे. एम.आर.आय.चे चित्र आधी एकदा घ्यायचे. मग साध्या खोलीत, खुर्चीवर, कॅमेऱ्याच्या साह्याने डोक्याची आणि यंत्राची जागा जुळवायची, आणि एकाच ध्वनिस्रोताने काम करून त्यातच बसवलेल्या सोनोग्राफीच्या टोकाने बुडबुडे ऐकायचे. विस्मृतीच्या मोजक्या रोग्यांवर त्यांनी हे केले आणि बुडबुड्यांच्या आवाजाचा नकाशा जागच्या जागी पडद्यावर पाहिला. ती हकीकत २०२४ मध्ये छापून आली. वेस उघडली का, याची खात्री त्यांना नंतर एम.आर.आय.नेच करावी लागते, हेही सांगितले पाहिजे. आणि उघडणे व ऐकणे ही दोन्ही कामे सोनोग्राफीच्या एकाच टोकाकडून करवून घेण्याचे प्रयोग त्यांनी प्राण्यांवर केले आहेत. म्हणजे यंत्र शिरस्त्राणापासून हातात मावणाऱ्या टोकापर्यंत लहान होत चालले आहे.

यंत्र लहान होते, स्वस्त होते, उचलून नेता येते; तेव्हा आमच्या जिल्ह्याला आनंद व्हावा. पण सोनोग्राफी लहान आणि स्वस्त झाली तेव्हा आम्ही इकडे काय केले, हे कृष्णाकाठच्या लोकांनी विसरून चालणार नाही. २००१ च्या शिरगणतीत सांगली जिल्ह्यात सहा वर्षांखालच्या दर हजार मुलांमागे ८५१ मुली होत्या, कोल्हापुरात ८३९. सबंध महाराष्ट्राचा आकडा ९१३, तो २०११ मध्ये ८९४ वर घसरला. दुष्काळी मुलखापेक्षा उसाच्या मुलखात मुली कमी, हे आम्ही साखर कामगारांच्या सभांत पुष्कळदा बोललो आहोत, आणि सभेत त्या वेळी जी शांतता पसरते तीही पाहिली आहे. एका बाईची गाठ दाखवून तिचा जीव वाचवणारे डोनाल्डसाहेबांचे यंत्र ते हेच.

मुंबईतल्या स्त्रियांच्या चळवळीने जोर लावला म्हणून १९८८ मध्ये महाराष्ट्राने गर्भलिंगपरीक्षेविरुद्ध देशातला पहिला कायदा केला. १९९४ मध्ये केंद्राचा कायदा झाला, १९९६ पासून तो लागू झाला, आणि तो कागदावरच राहतो म्हणून सेहत आणि मासूम या संस्था आणि साबू जॉर्ज २००० साली सर्वोच्च न्यायालयात गेले. २००३ मध्ये कायदा कडक झाला. नोंदणी नसलेल्याला यंत्र विकणेही गुन्हा ठरले. २०१२ मध्ये हलवता येणाऱ्या यंत्रांवर आणखी बंधने आली. आमच्या शेजारी कोल्हापुरात जिल्हाधिकारी लक्ष्मीकांत देशमुख यांनी सोनोग्राफी यंत्रांना सायलेंट ऑब्झर्व्हर नावाची पेटी जोडायला लावली. यंत्राने कधी, काय पाहिले ते ती नोंदवून ठेवी. डॉक्टरांची संघटना उच्च न्यायालयात गेली, आणि २०११ च्या ऑगस्टमध्ये न्यायालयाने जिल्हाधिकाऱ्यांचे म्हणणे उचलून धरले. पाहणाऱ्या यंत्रावर पाहणारे यंत्र! मेंदूच्या बाबतीत शास्त्रज्ञ जे बुडबुड्यांसाठी करीत होते, ते कोल्हापूरकरांना माणसांसाठी करावे लागले.

हा कायदा सैल करावा असे आम्ही मुळीच म्हणत नाही. परंतु उद्या मेंदूची वेस उघडणारे, सोनोग्राफीच्याच टोकावर चालणारे यंत्र मिरजेला आले तर त्याची नोंद कोणी, कोणत्या नावाने करायची? ते चालवणारा तंत्रज्ञ कुठे शिकणार, आणि खरखर ऐकू आल्यावर हात मागे घेण्याचा अधिकार त्याला असेल, की फक्त साहेबांना? बॉयलरवर परवाना नसलेला माणूस चालत नाही हे १९२३ च्या कायद्याने आपल्याकडे ठरवून टाकले होते, आणि ते कामगार मेले म्हणून ठरले. मेंदूवरच्या यंत्राला परवाना कोणता? प्रयोगासाठी रोगी लागतील तेव्हा ते कोणत्या वॉर्डातून घेतले जातील, आणि त्यांच्यापुढचा संमतीचा कागद मराठीत असेल का, आणि वाचून दाखवणारा कोणाचा पगारी असेल? हे प्रश्न आम्ही मिरजेतल्या एका जाणत्या सोनोग्राफी तंत्रज्ञापुढे ठेवले. त्यांनी शांतपणे टेबलाचा खण उघडला आणि फॉर्म एफचा एक कोरा कागद आमच्यापुढे सरकवला. गर्भवती बाईची तपासणी केली की तो भरावा लागतो. त्यावर बाईचे नाव, पत्ता, आधीची मुले, तपासणीचे कारण, सगळ्याला रकाना आहे. मेंदूला नाही.